अकरावीला अवघड शाळा सोडावी का?

पोहेजलेबी (धागालेखक)
दहावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांत एकच खल सुरू होतो. सध्याची शाळा मार्क हात आखडून देते, बारावीला टक्का घसरेल, तेव्हा अकरावीपासून जरा सैल शाळा बघावी का? माझं मत, खुशाल बघावी. कॉलेज शाळेचं नाव वाचत नाही, आकडा वाचतं. हुशार मुलांची कॉलेजची फी भरणाऱ्या, मध्यप्रदेश सरकारच्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेचेच निकष घ्या. एमपी बोर्डाला 70 टक्के पुरतात, सीबीएसईवाल्याला 85 लागतात. बोर्ड-बोर्डात फरक आहे हे सरकारनंच मान्य केलंय, मग पालकांनी का लाजायचं?

भंवरकुआँ_लोकल
भिया, सहामाही आणि बोर्ड यांची गल्लत होतेय. सीबीएसईत भौतिक-रसायनाला 70 मार्कांची लेखी आणि 30 चं प्रात्यक्षिक, गणिताला 80 आणि 20. लेखी पेपर तुमची शाळा तपासत नाही. प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक येतो. शाळेच्या एकटीच्या हातात राहतात गणितासारख्या विषयाचे 20, आणि तिथे कडक शाळासुद्धा सहसा हात आखडत नाही. शाळेनं सहामाहीत 65 दिले तरी ते बोर्डाच्या गुणपत्रिकेवर छापून येत नाहीत.
आणि ‘मेधावी’ अर्धीच सांगितलीत. इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनचा रँक दीड लाखाच्या आत लागतो. नुसत्या 70 वर फी माफ होत नाही.

जुना_गणितवाला
सहमत, आणि थोडा इतिहास. 2013 ते 2016 जेईई मेनच्या रँकमध्ये बोर्डाच्या मार्कांना 40 टक्के वजन होतं, तेही बोर्डनिहाय पर्सेंटाइल काढून. तेव्हा या धाग्याला अर्थ होता. 2017 पासून ते गेलं. आता इंदूरचं जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेज असो की डीएव्हीव्हीचं (देवी अहिल्या विद्यापीठाचं) आयईटी, जेईईवर भरणाऱ्या जागांना रँकच चालतो. आयआयटी-एनआयटीला बारावीचं फक्त दार आहे: 75 टक्के, किंवा आपापल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 75 च्या जागी 65.
मुलं फसतात ती पाचव्या विषयात. हे 75 टक्के नुसत्या पीसीएमचे (भौतिक-रसायन-गणिताचे) नसून पाच विषयांचे असतात: भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि आणखी एक. इंग्रजीला ‘रट्टा मारू’ म्हणून सोडणाऱ्याचा जेईई निघतो, पण टक्केवारी 73 वर अडकते.

पोहेजलेबी
काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! दार बंद झालं तर रँक घेऊन काय करायचं?

जुना_गणितवाला
दारासाठी शाळा बदलायची गरज नाही, इंग्रजीचे जुने पेपर सोडवायची आहे. शिवाय 20 पर्सेंटाइलची पळवाट त्याच बोर्डातल्या मुलांशी तुलना करते. सैल बोर्डात गेलात तर ती रेषाही वर सरकते.

मल्हारगंज_कॉमर्स
सगळे पीसीएममध्येच अडकलात. माझा पोहेजलेबींना अर्धा पाठिंबा. मध्यप्रदेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेशात बीकॉम, बीए, बीएस्सीची मेरिट बारावीच्या टक्क्यांवर लागते. इंजिनिअरिंगच्या जेईईनंतर रिकाम्या राहिलेल्या जागांनाही बारावीचेच टक्के लावतात. तिथे बोर्डाच्या काठिण्याचं कुणालाच देणंघेणं नाही. दिल्ली विद्यापीठात मात्र 2022 पासून सीयूईटी, म्हणजे विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. बारावीचे मार्क कामी येतात ते बरोबरी झाली तर, पहिल्यांदा उत्तम तीन विषयांचे. डीएव्हीव्हीच्या विभागांचे बरेच कोर्सही सीयूईटीवरच. म्हणजे आधी कॉलेज आणि कोर्स ठरवा, मग बोर्डाची चिंता करा. आपल्याकडे उलटं चालतं.

सराफा_रात्री
परदेशाचं कोणी बोललं नाही. अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांत शाळेचं काठिण्य खरंच मोजतात. नववी ते बारावीची सगळी गुणपत्रकं जातात, सोबत ‘स्कूल प्रोफाइल’ जातं. त्यात शाळा कोणते विषय देते आणि मार्कांची वाटणी कशी आहे ते लिहिलेलं असतं. कडक शाळेतले 82 म्हणजे वर्गात वरचा नंबर, हे त्यावरून कळतं. प्रोफाइल नसेल तर 82 म्हणजे नुसते 82, आणि आपल्याकडच्या पुष्कळ शाळा ते बनवतच नाहीत. मुख्याध्यापकांना गाठून एक-दोन पानी करून घ्या.
ब्रिटनची तऱ्हा वेगळी. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलचे अर्ज 15 ऑक्टोबरला बंद होतात. तोवर बोर्ड झालेलं नसतं, म्हणून शाळा अंदाजे मार्क कळवते. हात आखडणारी शाळा नुकसान करते ती इथे.

पोहेजलेबी
मग ‘सैल’ म्हणजे डमी शाळा (नाव शाळेत, पोरगं कोचिंगला) तरी चालेल ना, वेळ वाचेल?

भंवरकुआँ_लोकल
तो तर सगळ्यात महाग सौदा. सीबीएसईला 75 टक्के हजेरी लागते. 2024 मध्ये बोर्डानं डमी मुलांसाठी शाळांच्या संलग्नताच काढल्या. शाळेवर कारवाई होते तेव्हा पोराची बारावी अधांतरी. बदलायचीच असेल तर अकरावीच्या प्रवेशालाच बदला. बारावीत थेट प्रवेश पालकांची बदली वगैरे ठोस कारणाशिवाय अवघड, आणि अकरावीची नोंदणी गेली की विषय बदलणं जिकिरीचं.

जुना_गणितवाला
अवांतर: नोंदणीत गणिताचा कोड स्वतः वाचा. 041 म्हणजे नेहमीचं गणित, 241 म्हणजे अप्लाइड मॅथ्स. सीयूईटीच्या गणिताच्या पेपरात दुसऱ्याचीही सोय आहे, पण ते कॉमर्स-कलावाल्यांसाठी आहे. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर ‘सोपं आहे’ म्हणून 241 घेऊ नका.