सिस्टर रोझेटाला कुठे सोडलंत?

रॉक अँड रोल संगीत चक बेरी या अमेरिकन गायक-गिटारवाल्यापासून सुरू झालं असं म्हणणाऱ्यांना माझा हा प्रश्न, बेरी ग्रेटच, वादच नाही, पण त्याचं 'मेबलीन' हे गाणं आलं १९५५ला आणि त्याच्या दहा वर्षं आधी सिस्टर रोझेटा थार्प ही बाई गिटार घेऊन जवळपास तेच करत होती की! अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट गावात १९१५चा जन्म, आई चर्चमध्ये गाणारी आणि मँडोलिन वाजवणारी, त्यामुळे पोरगी लहानपणापासूनच स्टेजवर. तिचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' हे गाणं १९४५चं, शब्द देवाधर्माचे पण खालचा पियानो आणि ताल ऐका, पाय गप्प बसतच नाहीत. काही जण तर यालाच पहिली रॉक अँड रोल रेकॉर्ड म्हणतात, मला 'पहिली' कुठली या भांडणात फारसा रस नाही.

१९४७ला जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात तिनेच चौदा वर्षांच्या लिटल रिचर्डला (हाच पुढे रॉक अँड रोलचा स्टार झाला) शोच्या आधी गाताना ऐकून स्टेजवर घेतलं होतं.

आणि १९६४चा मँचेस्टरचा व्हिडिओ बघाच. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, एका फलाटावर पब्लिक, समोरच्या फलाटावर ही, धो धो पाऊस पडून गेलाय म्हणून सुरुवात 'डिडन्ट इट रेन'ने! अंगात भारी कोट, गळ्यात पांढरी गिब्सन गिटार, आणि मधेच असा काही सोलो हाणते की बास. रॉक अँड रोलमधल्या मोठ्या कलाकारांचा सन्मान करणाऱ्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'वाल्यांना मात्र ती आठवली २०१८ला, म्हणजे जाऊन ४५ वर्षं झाल्यावर :(