मदत हवी आहे: अमेरिकन टर्नटेबल इंदूरच्या करंटवर हळू फिरतोय

नमस्कार मंडळी, आमच्या आतोबांनी अमेरिकेहून येताना आणलेला जुना बेल्टवाला टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आता माझ्याकडे आलाय, लाकडी बेस, जड प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी), बघत बसावं असा. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, चालू झाला, पण अमीर खाँसाहेबांची एलपी लावली आणि खाँसाहेब, जे आधीच मंद्र सप्तकात निवांत, ते पार तळघरातच जाऊन बसले हो!

मग कळलं की ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज कमी करतो, फ्रीक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, आणि याची मोटर सिंक्रोनस आहे म्हणजे ती त्याच हिशोबाने फिरणार. ३३⅓ च्या जागी मिनिटाला जेमतेम २८ फेरे, म्हणजे काळी दोनचं गाणं पांढरी एकच्याही जरा खाली. (क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे बेल्टशिवाय, आतल्या क्रिस्टलच्या हिशोबाने फिरणारा असता तर ही भानगडच नव्हती.)

उपाय एकच दिसतोय, मोटरवरची पुली (जिच्यावरून बेल्ट प्लॅटर फिरवतो) व्यासाने साधारण २० टक्के मोठी करायची. तर आपल्या इंदूरात सियागंजकडे किंवा इतर कुठे लेथवर इतकं बारीक पितळेचं काम नीट करून देणारा कोणी माहितीये का? जरा जरी वाकडी झाली तर सूर डुलणार. आणि पुली मोठी झाल्यावर बेल्ट तोच चालतो की बदलावा लागतो? कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा, आणि हो, "ब्लूटूथ स्पीकर घे" वाले सल्ले नकोत, ते घरातूनच मिळतायत.