मोटारहोमचा मागचा टायर फुटला: त्याच मापाचा दुसरा टायर चालेल का?

प्रश्न – फिरते घर, दारव्हा

नमस्कार. आम्ही उभयता आणि दोन नातवंडे मोटारहोम घेऊन दारव्ह्याहून मार्कंडा, आलापल्ली आणि पुढे भामरागडकडे निघालो आहोत. करंजीहून वणीकडे वळल्यावर भर दुपारच्या उन्हात गाडीचा मागचा डावा टायर फुटला. गाडी सुखरूप कडेला घेता आली, परंतु टायरच्या नक्षीचा पट्टा सुटून आतल्या बाजूला आपटत राहिल्यामुळे सांडपाण्याच्या टाकीचा पाइप तुटला. स्टेपनी लावून आम्ही वणीला पोहोचलो असून सध्या येथेच मुक्काम आहे.

गाडी प्रवासी व्हॅनच्या चेसिसवर बांधलेली आहे आणि मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक आहे. टायरवर २१५/७५ आर १५ एलटी (म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा) असे माप आणि त्यापुढे ११२ हा आकडा आहे. येथील दुकानात हेच माप मिळते, मात्र तो बोलेरोचा टायर आहे आणि त्यावर १०० लिहिलेले आहे. तो बसवावा का? एकच बदलावा की सगळे? फुटलेल्या टायरची नक्षी चांगली खोल होती, तरी तो का फुटला, हे मला सर्वांत अधिक समजून घ्यायचे आहे, कारण पुढचा रस्ता जंगलाचा आहे आणि सोबत लहान मुले आहेत.

उत्तर – चाकजोड, यवतमाळ

भाऊ, तो टायर कृपया बसवू नका. माप जुळले म्हणजे टायर रिमवर बसेल एवढेच ठरते. तो किती वजन पेलेल, हे तुम्ही लिहिलेल्या दुसऱ्या आकड्यावरून ठरते. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो आणि ११२ म्हणजे ११२० किलो. म्हणजे एकेका चाकामागे तीनशे वीस किलोंचा फरक पडतो, आणि तुमच्या गाडीत तर पलंग, ओटा, बॅटऱ्या, पाणी आणि सिलिंडर कायमच असतात. प्रवासी गाडी रिकामी परतते तेव्हा तिच्या टायरांना विसावा मिळतो. मोटारहोमच्या टायरांना तो गाडी उभी असतानाही मिळत नाही.

नक्षी खोल असूनही टायर फुटण्याचे कारण बहुधा वयात सापडेल. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. १८१७ असे असेल, तर तो २०१७ सालच्या अठराव्या आठवड्यात तयार झाला. आपल्या गाड्या वर्षातील बराच काळ अंगणात उन्हात उभ्या असतात, त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर आतून कडक होते. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करण्याचा आणि दहा वर्षांनंतर टायर, स्टेपनीसह, वापरातून काढण्याचा सल्ला देतात. विदर्भातील उन्हाळा पाहता मी स्वतः सहाव्या-सातव्या वर्षीच बदलण्याच्या मताचा आहे. बाजूच्या भिंतीवर नखाने दाबल्यावर उघडणाऱ्या बारीक भेगा दिसल्या, तर पुढे विचार करण्यासारखे काही राहत नाही.

आणखी एक खूण पाहा. फुटलेला टायर रिमवरून उतरवताना तुम्ही जवळ उभे राहा. आत काळ्या रबराचा भुसा सांडला, तर तो टायर कमी हवेवर चालत होता असे समजावे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि शेवटी थर सुटतात. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच घातक आहे. ६० पीएसआय हवेच्या टायरचे तापमान दहा अंशांनी वाढले, तर दाब साधारण अडीच पीएसआयने वाढतो आणि चांगल्या टायरमध्ये त्याची सोय केलेली असते. हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी मोजावी. तापलेल्या टायरमधून कधीही काढू नये.

वणीत कोळशाच्या ट्रकांमुळे टायरची दुकाने पुष्कळ आहेत, पण त्यांचा माल मोठ्या चाकांचा असतो. चंद्रपूरला फोन करून माप, एलटी आणि ११२ किंवा त्याहून मोठा आकडा, असे तिन्ही सांगूनच टायर मागवा. बाकीचे टायर त्याच वर्षाचे असतील, तर चारही बदला. ते शक्यच नसेल, तर निदान मागची जोडी एकसारखी घ्या. व्हॉल्व्हही नवे आणि धातूचे बसवून घ्या.

उत्तर – काळी माती

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. आलापल्लीच्या पुढे मदत लवकर मिळणार नाही, म्हणून चाक स्वतः बदलण्याविषयी थोडे लिहितो. आपल्याकडे डांबराची कड संपली की लगेच काळी जमीन लागते. उन्हाळ्यात ती भेगाळलेली आणि वरून टणक दिसते, पण बॉटल जॅकवर दीड-दोन टन वजन आले की जॅक तिरपा होऊन खचतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. जॅकखाली ठेवण्यासाठी हातभर लांब-रुंद अशी जाड सागवानी फळी गाडीत कायम ठेवा. जॅक धुरीखाली (अॅक्सलखाली) लावा. मुक्कामाला गाडी समतल ठेवण्यासाठी जे पाय बसवलेले असतात, ते गाडी उचलण्यासाठी नसतात.

मुलांसह सर्वांना खाली उतरवून रस्त्यापासून दूर बसवा, सिलिंडर बंद करा, समोरच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि चाक जमिनीवर असतानाच नट अर्ध्या फेऱ्याने सैल करा. आवळताना समोरासमोरचे नट क्रमाने घ्या. दुकानात हवेच्या बंदुकीने नट घट्ट केले असतील, तर तुमच्या पान्याने ते उघडतात का, हे तेथेच पाहून घ्या. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासणे आवश्यक आहे.

उत्तर – वजनकाटा, हिंगणघाट

नवा टायर घेण्यापूर्वी गाडीचे वजन करा. कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यांवर हंगामात गाड्यांची रांग असते, पण आता उन्हाळ्यात ते रिकामे असतात. प्रथम पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके आणि काटेवाल्याने मुभा दिली, तर एकेका बाजूचे चाक असे वजन घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी एकाच अंगाला असेल, तर तो सारा भार त्या बाजूच्या टायरवर येतो, आणि आपले रस्ते डावीकडे उतरते असल्याने त्यात भरच पडते.

प्रश्नकर्ता – फिरते घर, दारव्हा

सर्वांचे मनापासून आभार. टायरवरील अंक २०१६ सालचे निघाले आणि आत रबराचा भुसाही होता. काट्यावर मागच्या धुरीचे वजन २०८० किलो भरले; त्यात डावे चाक ११४० आणि उजवे ९४०. पाण्याची टाकी आणि दोन्ही बॅटऱ्या डावीकडेच आहेत. म्हणजे ११२ आकड्याचा टायरसुद्धा वीस किलो जादा पेलत होता. चंद्रपूरला ११२ चेच टायर उपलब्ध आहेत. तेवढ्यावर निघावे का?

उत्तर – चाकजोड, यवतमाळ

बॅटऱ्या उजवीकडे हलवून घ्या आणि टाकी निम्मीच भरा. भामरागडपर्यंत वाटेत पाणी मिळते. त्यानंतर पुन्हा काट्यावर जा. डावे चाक १०५० च्या आत आले, तर ११२ चे चार नवे टायर लावून निघण्यास हरकत नाही. हवा चेसिसच्या तक्त्यावर दिली आहे तेवढीच ठेवा. स्टेपनीही त्याच वयाची, म्हणजे २०१६ ची असेल, म्हणून पाचवा टायरही नवाच घ्या, कारण जंगलात तुमचा सगळा भार तिच्यावरच येणार आहे.