उंच मजल्यावरची रात्र : तुमचे अनुभव लिहा

या जानेवारीत आमच्या लग्नाला 25 वर्षं झाली. त्यानिमित्ताने आम्ही दोघं नरिमन पॉइंटच्या ट्रायडेंटमध्ये एक रात्र राहिलो. आमच्या घरात त्या इमारतीला अजून ‘ओबेरॉय टॉवर्स’च म्हणतात. समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर 1973 साली हे 35 मजली हॉटेल उभं राहिलं. लहानपणी चौपाटीला भेळ खाऊन मरीन ड्राइव्हने चालत आलो की बाबा त्याचे मजले मोजायला लावायचे. विसाच्या पुढे आमचा गोंधळ व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मरोळ नाक्याला मेट्रो 3 धरली, विधान भवनला उतरलो आणि बॅग ओढत चालत पोहोचलो. खोली 26व्या मजल्यावर. आत गेल्यावर आधी जाणवली ती शांतता. खाली सिग्नलला गाड्यांची ही रांग, आणि एक हॉर्न ऐकू येईना. खिडकी उघडत नाही. एवढ्या उंचीवर वाऱ्याचा जोर असतो, त्यामुळे काच कायमची बंद. संध्याकाळी दिवे लागायला लागले तेव्हा मी खुर्ची काचेला लावून बसले. ‘राणीचा कंठहार’ हे शब्द हजारदा ऐकलेत, पण रस्त्यावरून चालताना तो हार कधी अख्खा दिसलाच नव्हता. नरिमन पॉइंटपासून वळण घेत पार मलबार हिलच्या पायथ्यापर्यंत. आम्ही खाली जेवायला जायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

सकाळी निघताना सवयीने चादर-पांघरुणाच्या घड्या घातल्या, ओले टॉवेल पिळून दांडीवर नीट वाळत टाकले. ते बरोबर केलं की कसं, हे विचारणार कुणाला? म्हणून हा धागा. किती तारे आणि नाश्त्याला किती पदार्थ हे नको. तिथे काय घडलं, काय कळलं ते लिहा. शहर कुठलंही चालेल.

नाशिक

ताई, आधी पैशांचं लिहितो, कारण आम्ही तिथेच अडकलो. दिवसाचं भाडं 7500 रुपयांच्या वर गेलं की 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच हिशेब करा. ऑफिसांच्या भागातली हॉटेलं सोमवार ते गुरुवार कामाच्या लोकांनी भरलेली असतात. शनिवार-रविवारी तीच खोली बहुधा स्वस्त मिळते. आणि डिपॉझिटसाठी डेबिट कार्ड देऊ नका. आमचे 10 हजार रुपये ‘होल्ड’ म्हणून अडकले ते नऊ दिवसांनी सुटले. त्याच आठवड्यात मुलीची फी भरायची होती, माझी फार ओढाताण झाली. रक्कम अडकवणार आहोत हे काउंटरवर कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. ओळखपत्र म्हणून पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार बरोबर ठेवा.

पुणे

मी ऑडिटच्या कामाला महिन्यातून दोनदा मुंबईला जाते. बीकेसीतल्या एका हॉटेलात (नाव लिहीत नाही) 17व्या मजल्यावर होते. रात्री दोन-सव्वादोनला भोंगा वाजायला लागला. झोपेत वाटलं मोबाइलचा गजर. मग छतातल्या स्पीकरवरून इंग्रजीत काहीतरी सूचना आली, तिच्यातला एक शब्द धड कळला नाही. दार उघडलं तर कॉरिडॉरमध्ये लोक उभे, आणि सात-आठ जण लिफ्टचं बटण दाबतायत. आगीचा अलार्म वाजला की लिफ्ट आपोआप तळमजल्याला जाऊन थांबतात, वर येतच नाहीत. हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

जिना शोधायला लागला. संध्याकाळी खोलीत येताना मी मोबाइल बघत आले होते, आजूबाजूला काय आहे हे पाहिलंच नव्हतं. कोपऱ्यावर जड लोखंडी दार, आत खिडकी नसलेला अरुंद जिना, रंगाचा वास, भिंतीवर मजल्यांचे आकडे. माझ्या पुढे एक वयस्कर गुजराती जोडपं होतं. आजी एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवून उतरत होत्या. मागे निदान तीस-चाळीस माणसं, पण एकानेही त्यांना ओलांडलं नाही. कुणीतरी मागून नुसतं म्हणत होतं, “सावकाश, बा, सावकाश.” सतरा मजले उतरायला दहा मिनिटं लागली. खाली पोहोचले तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या आणि पायात खोलीतल्या पातळ कापडी सपाता.

पोर्चमध्ये तासभर उभं केलं. किचनच्या धुराड्यात धूर कोंडून अलार्म वाजला, आग नव्हती, एवढंच सांगितलं. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. त्या तासाभरात कुणी यादी घेऊन फिरलं नाही. 17व्या मजल्यावरचे सगळे उतरले का, कुणी बाथरूममध्ये अडकलंय का, हे कुणी मोजलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी लेखी तक्रार दिली. उत्तर म्हणून फळांची टोपली आली.

तेव्हापासून खोलीत बॅग ठेवायच्या आधी मी जिन्यापर्यंत चालत जाते आणि मधली दारं मोजते. धुरात दिसत नाही, भिंतीला हात लावून दारं मोजावी लागतात. बूट पलंगाशी, चष्मा आणि किल्लीचं कार्ड उशीशेजारी. दार मागे आपोआप लागतं, आणि जिना धुराने भरलेला असला तर खोलीत परत येऊन दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबता आला पाहिजे. कुठल्या मजल्यांवर रेफ्यूज एरिया (आग लागली तर थांबायची सुरक्षित जागा) आहे हे चेक-इन करतानाच विचारा. उंच इमारतीत तो ठेवणं बंधनकारक आहे, विचारायला लाजू नका. एकट्या बायकांनी आणखी एक करावं : काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला तर शांतपणे दुसरी खोली मागावी.

मूळ सातारा, सध्या तोक्यो

पुण्याच्या ताईंचं वाचून 11 मार्च 2011 आठवला. कंपनीने मला शिंजुकूत एका हॉटेलच्या तिसाव्या का एकतिसाव्या मजल्यावर उतरवलं होतं. दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला. केंद्र तिथून शेकडो किलोमीटर ईशान्येला समुद्रात, तरी खोली हलायला लागली. धक्का बसावा तशी नाही, बोट डोलते तशी. पडदा काचेपासून हातभर आत यायचा आणि परत जायचा. कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत होते. खाली बसलो आणि पलंगाचा पाय धरला. संपेचना. उंच इमारती सावकाश आणि खूप वेळ झुलतात हे पुढे वाचलं. त्या वेळी वाटलं, आता ही पडणार. खिडकीतून शेजारचे मनोरे दिसत होते, ते आपापल्या लयीत हलत होते, आमच्याबरोबर नाही.

लिफ्ट बंद. सूचना आली की इमारत सुरक्षित आहे, आतच थांबा. आधी जपानीत, मग इंग्रजीत, दर थोड्या वेळाने तेच शब्द, त्याच आवाजात. त्या आवाजाचा केवढा आधार वाटला! गाड्या बंद पडल्याने लाखो माणसं रात्री पायी घरी निघाली होती. उशिरा जिन्याने खाली गेलो तर लॉबीतल्या गालिच्यावर रस्त्यावरची माणसं ओळीने झोपलेली, अंगावर हॉटेलची ब्लँकेटं.

एक सांगायचं म्हणजे, शिंजुकूचे हे उंच मनोरे जिथे आहेत तिथे पूर्वी शहराचं पाणी शुद्ध करण्याचं मोठं केंद्र होतं. ते 1965 मध्ये हललं आणि 1971 मध्ये तिथे पहिलं गगनचुंबी हॉटेल झालं, केइओ प्लाझा, 47 मजली. म्हणजे आपल्या नरिमन पॉइंटच्या टॉवरच्या दोनच वर्षं आधी. तिकडे तलावांच्या जागेवर, इकडे समुद्रात.

ठाणे

ताई, चादरींच्या घड्यांबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. मी दादरच्या कॅटरिंग कॉलेजची. ट्रेनिंगला आणि मग चार वर्षं नोकरीला हाउसकीपिंगमध्ये होते. घड्या घालू नका. तुम्ही मायेने घालता हे आम्हाला कळतं, पण गेलेल्या पाहुण्याची चादर घडीतली असली तरी ती धुवायलाच जाते. आम्हाला प्रत्येक घडी उलगडून झटकावी लागते, कारण आत चार्जर, कानातलं, कधी कवळीसुद्धा राहिलेली असते. टॉवेल दांडीवर ठेवला तर बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘पुन्हा वापरणार’ असा होतो; बदलून हवा असेल तर टबात किंवा खाली टाका. वापरलेलं सगळं एका जागी ढीग करून ठेवलंत तर आमची दोन-तीन मिनिटं वाचतात.

त्या दोन-तीन मिनिटांची किंमत सांगते. एका शिफ्टला एकीच्या वाट्याला 14 ते 16 खोल्या. पाहुणा राहत असलेली खोली वीस मिनिटांत, रिकामी झालेली अर्ध्या तासात. मोठ्या पलंगाची गादी कोपऱ्यातून एका हाताने उचलायची, दुसऱ्या हाताने चादर खाली सरकवून पाकिटासारखा कोपरा बांधायचा. असे चार कोपरे, सोळा खोल्या. माझी पाठ तिशीच्या आत गेली. सर्व्हिस लिफ्ट अडली की ट्रॉली मजल्यावरच थांबते आणि पुढचा सगळा दिवस मागे पडतो.

एकदा 22व्या मजल्यावर एका बाईंची अंगठी हरवली. खोली मी केलेली. सिक्युरिटीच्या खोलीत मला दोन तास बसवून ठेवलं, माझी पर्स टेबलावर उलटी केली. अंगठी त्यांच्याच बाथरोबच्या खिशात सापडली, तीही लाँड्रीतल्या मुलाने शोधली. बाईंनी माफी मागितली, रडल्या. हॉटेलने मागितली नाही. नंतर दोन वर्षं मी त्या मजल्यावर काम केलं, पण त्या खोलीचं दार उघडताना हात थांबायचाच.

टीप द्यायची असेल तर जाताना उशीवर ठेवा, सोबत दोन शब्दांची चिठ्ठी. चिठ्ठी नसेल तर आम्ही पैसे उचलत नाही, ‘राहिलेली वस्तू’ म्हणून जमा करतो.

सोलापूर

लोअर परळच्या हॉटेलात भाच्याच्या लग्नाला होतो, नेमकी एकादशी. सासूबाई रात्रीच म्हणाल्या, “मी पाण्यावर राहीन, कुणाला सांगू नकोस.” मी सांगितलंच. सकाळी नाश्त्याच्या हॉलमधून एक कुक स्वतः वर आला, वाटीत वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. “मीठ सैंधव आहे, भांडी वेगळी होती,” म्हणाला. तो बार्शीचा निघाला. सासूबाईंनी त्याला पलंगावर बसवलं आणि त्याच्या आईची चौकशी केली. लग्नातलं बाकी काही त्यांना आठवत नाही, हे आठवतं.

बोरीवली

मी 1979 साली नरिमन पॉइंटला एका कंपनीत क्लार्क म्हणून लागलो आणि 36 वर्षांनी तिथूनच निवृत्त झालो. ऑफिस मागच्या फ्री प्रेस जर्नल मार्गावर, चौथा मजला. रोज बोरीवली ते चर्चगेट, पुढे शेअर टॅक्सी, महिनाअखेरीला चालत. डबा खाल्ल्यावर आम्ही चौघं समुद्राच्या कठड्यावर जाऊन बसायचो, पाठीमागे ते हॉटेल. 36 वर्षांत आत पाऊल टाकलं नाही. 12 मार्च 1993 ला जवळच्या एअर इंडिया इमारतीत स्फोट झाला तेव्हा मी टेबलावर होतो. खिडकीच्या काचा अंगावर आल्या. 26 नोव्हेंबर 2008 ला हल्ला झाला तो या हॉटेलवरच. हा टॉवर 21 डिसेंबरला पुन्हा उघडला. त्या दिवसांत शेजारून जाताना आम्ही बोलणं थांबवायचो, कुणी ठरवलेलं नसताना.

गेल्या जुलैत, रविवारी, माझ्या ठेवीच्या व्याजातून एक रात्र घेतली. हिला आधी पटलं नव्हतं. आम्हाला शहराच्या बाजूची खोली मिळाली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “सर, थोडे जास्त देऊन समुद्राची बाजू देऊ का?” मी म्हटलं, नको, हीच हवी.

वरून आधी काहीच ओळखेना. आम्ही सगळं खालून पाहिलेलं. वरून दिसतात त्या पाण्याच्या टाक्या, निळी ताडपत्री, एसीचे पंखे, गच्चीवर टाकलेल्या मोडक्या खुर्च्या. मग रस्त्याचं वळण सापडलं, त्यावरून इमारत. चौथा मजला, उजवीकडून तिसरी खिडकी. माझं टेबल तिथे होतं. रविवार असल्याने अंधार होता. हिने विचारलं, “कुठली?” मी काचेवर बोट टेकवून दाखवली. लग्न झाल्यापासून ही त्या ऑफिसचा डबा भरत होती, पण ऑफिस तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिथे पंखा होता का, पावसात पाणी आत यायचं का, डबा कुठे ठेवायचास, एकेक विचारत राहिली. आम्ही दिवा न लावता बसलो होतो. पावसाची सर आली की खिडकी दिसेनाशी व्हायची, सर गेली की ही पुन्हा शोधायची, आणि तिला बरोबर सापडायची.

सोमवारी सकाळी साडेनऊला निघालो. चर्चगेटकडून माणसांचा लोंढा येत होता, छत्र्या, पाठीला बॅगा. आम्ही उलट्या दिशेने. चर्चगेटला परतणाऱ्या टॅक्सीत आम्ही दोघंच होतो, ड्रायव्हर इतरांसाठी थांबलासुद्धा नाही. त्या वेळेला त्या बाजूला कुणी जातच नाही.