फोलिओ आणि क्वार्टोला मराठीत काय म्हणायचं? बाड, चोपडी की आहे तसंच?

अनुस्वार
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी भाषांतर करतेय, शेक्सपिअरची नाटकं पहिल्यांदा कशी छापली गेली त्यावरचा लेख आहे. मी आपलं सरळ 'फर्स्ट फोलिओ' आणि 'क्वार्टो' लिहून मोकळी झाले. काल संपादकांकडून परत आलं. फोलिओ खोडून 'पहिले बाड', क्वार्टो खोडून 'छोटेखानी पुस्तिका', आणि समासात शेरा, "फोलिओ म्हटलं की वाचकाला म्युच्युअल फंड आठवतो." हसले, पण खोटं नाहीये, मलाही आधी तोच आठवतो. पण बाड?? बाड म्हणजे माझ्या डोळ्यासमोर फडक्यात बांधलेले, कडा कुरतडलेले हस्तलिखित कागद येतात. १६२३ साली लंडनला रीतसर छापलेल्या, ३६ नाटकं असलेल्या, नऊशेच्या वर पानांच्या ग्रंथाला बाड कसं म्हणू?
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, छापखान्यातला अख्खा कागद एकदा दुमडला की फोलिओ, दोनदा दुमडला की क्वार्टो, तीनदा दुमडला की ऑक्टेव्हो. म्हणजे मूळ शब्द घडीचा, पण लेखात कधी आकार, कधी ते विशिष्ट पुस्तक, कधी नुसती प्रतिष्ठा अशा सगळ्या अर्थांनी येतो. शुक्रवारपर्यंत द्यायचंय, काहीतरी सुचवा.

शाईचा डाग
अख्खा कागद नाही, ताव. तावाला ताव म्हणा आधी. आमच्या वडिलांचं ट्रेडल होतं, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, मी शाळेतून आलो की खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, परत केसमधल्या घरात टाकायला बसायचो, त्यामुळे हे जिव्हाळ्याचं आहे. आमच्याकडे फोलिओ क्वार्टो असलं कुणी म्हणत नसे, डेमी १/८, क्राऊन १/८ असं म्हणायचे, डेमी-क्राऊन ही तावाच्या मापांची नावं. त्या हिशोबाने क्वार्टो म्हणजे एक चतुर्थांश आणि फोलिओ एक द्वितीयांश झाला. 'द्वितीयांश आकार' लिहा की.

अनुस्वार
काका, 'शेक्सपिअरचा पहिला द्वितीयांश' असं लिहिलं तर लोक दुसरा अर्धा कुठे गेला म्हणून विचारतील 😀

वळचण
मराठीत शब्द नाही म्हणून रडायचं आणि इंग्रजी ओढून आणायचं ही आपली जुनी खोड. सावरकरांनी महापौर दिला तेव्हाही लोक हसले होते, आज मेयर म्हणणाराच विचित्र वाटतो. सरळ बनवा ना शब्द. ताव एकदा दुमडला की पानं होतात दोन, म्हणून दुपानी. दोनदा दुमडला की चार, चौपानी. मग आठपानी. संपला विषय.

दुपारचा चहा
संपला कसा, सुरू झाला. चौपानी वाचून माणसाला वाटणार चार पानांचं काहीतरी. हॅम्लेट चार पानांत?

वळचण
चार पानं एका तावाची हो. आणि पान म्हणजे पान, पृष्ठ नव्हे. इथेच सगळ्यांची गाडी अडते. झाडाच्या पानाला जशा दोन बाजू तशा पुस्तकाच्या पानाला दोन बाजू, त्या प्रत्येक बाजूला पृष्ठ म्हणायचं. लॅटिन फोलियुम म्हणजे तरी काय, झाडाचं पानच. आपल्याकडे शब्द आयता पडलाय आणि तुम्ही म्युच्युअल फंडात अडकलाय. आणि अनुस्वारताई, तुमच्या लेखात "नऊशेच्या वर पानं" चूक आहे, नऊशेच्या वर पृष्ठं, पानं त्याच्या निम्मी, साडेचारशेच्या आसपास.

अनुस्वार
अरे देवा. हे बरोबर आहे. पण बोलताना कोण पृष्ठ म्हणतं? "पान नंबर ४२ उघडा" असंच म्हणतात बाई शाळेत.

शाईचा डाग
पोथीला आकडा पानावर एकदाच घालायचे, दोन्ही बाजूंना मिळून एकच. इंग्रजी पुस्तकं आली तशी बाजू मोजायची सवय लागली आणि पान शब्द घसरला. आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं "शंभर पानी पुस्तक किती पैशात", वडील आधी विचारायचे पानं की पृष्ठं, त्यावरून एकदा एका गृहस्थांशी असं भांडण झालं की त्यांनी लग्नपत्रिकासुद्धा दुसरीकडे छापून घेतल्या.

सयाजीबाग
बडोद्याहून बोलतोय, आमची मराठी तुम्हाला गुजराती मिसळलेली वाटते हे माहीत आहे तरी ऐका. गुजरातीत छोट्या पातळ छापील पुस्तिकेला, पत्रकाला 'चोपानियुं' म्हणतात. चो म्हणजे चार, पानियुं म्हणजे पानांचं. वळचण यांचा चौपानी शब्द शेजारी आधीपासून जिवंत आहे! आणि अर्थही किती जवळ, कारण हे क्वार्टो म्हणजे बांधणी नसलेले, नुसता दोरा ओवलेले, सहा पेन्सला मिळणारे असंच ना? कुणी त्यांना कपाटात ठेवायचं पुस्तक समजत नव्हतं. म्हणून तर त्यातले इतके नाहीसे झाले. टायटस अँड्रॉनिकसच्या १५९४ च्या पहिल्या क्वार्टोची एकच प्रत उरलीय, तीही १९०४ साली थेट स्वीडनमध्ये सापडली.

दुपारचा चहा
वा सयाजीबाग! मग आपली चोपडीसुद्धा तिथलीच का? चौ + पुडी, चार घड्यांची पुडी, म्हणजे क्वार्टो = चोपडी. लिहा ताई, 'हॅम्लेटची चोपडी'. चोपडीला तो हलकेपणाही आहे, "चार चोपड्या वाचून शहाणा झाला".

वळचण
व्युत्पत्ती अशी कानाला गोड लागली म्हणून खरी होत नाही. चौ दिसला की चार, असं करत गेलं तर चौकशी म्हणजे चार काशी.

दुपारचा चहा
मी कुठे म्हटलं सिद्ध झालं? मला पटली, एवढंच. आणि तुमचा दुपानी तरी कोण वापरतं, तुम्ही आणि तुमची वळचण.

पोटोमॅककाठ
जरा वेगळं. मी वॉशिंग्टनजवळ राहतो, तिथल्या फोल्जर ग्रंथालयात या फोलिओच्या ८२ प्रती आहेत. २०२४ ला नूतनीकरणानंतर उघडलं तेव्हापासून सगळ्या एकत्र मांडल्यात, एकाच पुस्तकाच्या ८२ प्रती ओळीत बघून पोरगी म्हणाली बाबा यांना वाटायला विसरले का. पण मुद्दा असा की त्या एकसारख्या नाहीतच. छपाई चालू असतानाच प्रूफ तपासायचे, चूक दिसली की मशीन थांबवून खिळे बदलायचे, पण आधी छापलेले ताव फेकायचे नाहीत, कागद महाग. त्यामुळे चुकीचे ताव आणि दुरुस्त ताव एकत्र बांधले जायचे. चार्लटन हिनमन म्हणून संशोधक होते, त्यांनी त्यासाठी एक यंत्रच बनवलं आणि पन्नासहून जास्त प्रती ओळीला ओळ लावून ताडल्या. मग मराठीत 'प्रत' म्हणायचं की 'आवृत्ती' की 'पाठ', हाही प्रश्नच.

शाईचा डाग
मशीन नाही, त्या काळी हाताने ओढायचा लाकडी प्रेस. बाकी बरोबर. आणि खिळे जुळवणाऱ्याला जुळारी म्हणा, कंपोझिटर लिहू नका. हिनमन आणि इतर अभ्यासकांनी त्यांनाही पकडलंय, कुणाचं नाव माहीत नाही म्हणून ए, बी अशी अक्षरं दिली, 'डू' आणि 'गो' असले साधे शब्द कोण कसं लिहितो त्यावरून. त्यातला 'ई' म्हणून जो आहे तो शिकाऊ पोरगा असावा, चुकाच चुका. मला त्याच्याबद्दल फार वाटतं, मीही ब च्या घरात व टाकून मार खाल्लाय.
आणखी गंमत, तीन ताव एकात एक घालून बारा पृष्ठांचा जुडगा करायचे आणि जुळणी सुरू व्हायची मधल्या सहाव्या-सातव्या पृष्ठापासून, कारण ती दोन एकाच बाजूला छापायची असतात आणि सगळी बारा ओळीने जुळवून ठेवायला खिळे पुरत नाहीत. म्हणून हस्तलिखितात आधीच खुणा करून अंदाज बांधायचा, इथपर्यंत पाच पृष्ठं होतील. अंदाज चुकला की झालं, मजकूर जास्त असेल तर कवितेच्या ओळी गद्यासारख्या सलग ठासायच्या, कमी असेल तर एका ओळीच्या दोन करायच्या. विद्वान लोक नंतर त्यात छंदशास्त्र शोधत बसले.

अनुस्वार
काका हे सोनं आहे, लेखात घालते. पण माझा शब्द?? आणि दुसरी अडचण राहिलीच, 'बॅड क्वार्टो'. हॅम्लेट १६०३ साली पहिल्यांदा छापलं ते असं की "टू बी ऑर नॉट टू बी" च्या पुढे "आय, देअर्स द पॉइंट", आणि पोलोनियस या दरबाऱ्याचं नाव चक्क कोरँबिस. पुढच्याच वर्षी दुसरी छपाई निघाली, शीर्षकपानावर लिहिलेलं की ही खऱ्या प्रतीवरून, जवळपास दुप्पट वाढवलेली. पहिल्याला बॅड क्वार्टो म्हणतात, हा शब्द पोलार्ड या अभ्यासकांनी १९०९ ला काढला. मी 'वाईट' लिहिलं, संपादकांनी 'निकृष्ट' केलं. निकृष्ट म्हणजे धान्य वाटतं, रेशनचं.

ओसरी
भ्रष्ट. भ्रष्ट पाठ, भ्रष्ट प्रत, मराठीत हाच शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती नकलाकारांच्या हातून अशाच बिघडल्या म्हणून एकनाथांनी शके १५०६ ला शुद्ध प्रत तयार केली, म्हणजे १५८४, शेक्सपिअर तेव्हा विशीतला. आणि पुन्हा कुणी आपली ओवी घुसडली तर अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवल्यासारखं, असं बजावूनही ठेवलं. फोलिओच्या सुरुवातीला हेमिंग्ज आणि काँडेल, दोघे शेक्सपिअरचे नाटकमंडळीतलेच सहकारी, हेच सांगतात की आधी चोरून छापलेल्या, मोडक्यातोडक्या प्रती तुमच्या गळ्यात मारल्या गेल्या, आता अंग धड करून देतोय.

दुपारचा चहा
हे म्हणजे मस्त जुळलं. पण एक, त्यांना पुस्तक खपवायचंही होतं. आमची आधीची प्रत चांगली होती असं कुठला प्रकाशक म्हणेल? शिवाय ज्या विल्यम जॅगर्डच्या छापखान्यात फोलिओ छापला त्यानेच चार वर्षं आधी, १६१९ ला, टॉमस पेव्हियर या प्रकाशकाबरोबर खोट्या जुन्या तारखा घालून क्वार्टो काढले होते! पुढे १९०८ मध्ये ग्रेग या अभ्यासकांनी कागदातल्या जलखुणा बघून ते पकडलं. चोर कोण आणि साव कोण.

ओसरी
खरंय. पण भ्रष्ट प्रती कशा झाल्या याबद्दल जे म्हणतात, की नट आठवून सांगतो आणि दुसरा लिहून घेतो, तो प्रकार मला अगदी पटतो. माझे आजोबा नाटक कंपनीत होते. तेव्हा अख्खं नाटक कुणाच्या हातात देत नसत, ज्याला जी भूमिका त्याच्या तेवढ्या वाक्यांची 'नक्कल' मिळायची, आपलं वाक्य आणि त्याआधीच्या माणसाचे शेवटचे दोन-चार शब्द. आजोबा म्हातारपणी नाटक म्हणून दाखवायचे तेव्हा त्यांची भूमिका काना-मात्रेसह, बाकीच्यांची ठिगळं लावून. तिकडेही असंच, नटाला फक्त त्याचा भाग लिहून मिळायचा. पहिल्या हॅम्लेटमध्ये मार्सेलस या पहारेकऱ्याची वाक्यं फार बरोबर आहेत म्हणून काही अभ्यासक म्हणतात की तो रोल करणाऱ्यानेच आठवून दिलं असेल. म्हणून मी तर 'नकलेवरची प्रत' म्हणेन.

वळचण
नक्कल म्हटलं की आजच्या पोराला मिमिक्री आठवते. तुम्हीच फोलिओला म्युच्युअल फंड म्हणून हसत होता.

पोटोमॅककाठ
आणि एक सूक्ष्म चूक दाखवू का, हेन्री सहावा भाग तीन ची जी १५९५ ची 'बॅड क्वार्टो' म्हणून मोजतात ती क्वार्टो नाहीच, ऑक्टेव्हो आहे. म्हणजे इंग्रजीतही शब्द घडीपासून सुटलाय. मग मराठीत घडीच धरून बसायची गरज काय?

अनुस्वार
हे मात्र पटलं. म्हणजे दुपानी-चौपानी बाद, सॉरी वळचण. आणि 'स्टेशनर'? १६२३ च्या नोव्हेंबरमध्ये फोलिओचे प्रकाशक ब्लाउंट आणि आयझॅक जॅगर्ड यांनी आधी कुणाच्या नावावर नसलेली १६ नाटकं स्टेशनर्स कंपनीच्या (लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाच्या) वहीत नोंदवली असं वाक्य आहे, माझ्या पहिल्या खर्ड्यात ते वह्या-पेन्सिलवाले झाले होते.

ओसरी
'ग्रंथव्यवसायी'. मूळ शब्द एका जागी दुकान मांडून बसणारा असा, डोक्यावर टोपली घेऊन फिरणारा नव्हे. आणि त्या वहीत नाव लागलं की हक्क त्याचा, लिहिणाऱ्याचा नव्हे. हे लेखात जरूर सांगा, नाहीतर वाचक शेक्सपिअरच्या रॉयल्टीचा विचार करत बसेल.

दुपारचा चहा
खर्डा! 'फाउल पेपर्स' साठी हाच शब्द घ्या ताई, कच्चा खर्डा. लेखकाच्या हातचं खाडाखोड असलेलं.

शाईचा डाग
आमच्या कोल्हापुरात खर्डा म्हणजे मिरचीचा. शेक्सपिअरचा कच्चा खर्डा वाचून तोंडाला पाणी सुटेल.

वळचण
कच्चा कसा असेल, मिरची भाजल्याशिवाय खर्डा होतच नाही.

शाईचा डाग
तव्यावर नुसती चर्र करायची, भाजायची नाही. भाजून केला तो ठेचा.

ओसरी
उलट आहे हो काका.

अनुस्वार
(शुक्रवार) पाठवला लेख. 'फोलिओ' तसाच ठेवला, पहिल्यांदा येतो तिथे "ताव एकदाच दुमडून केलेला मोठा ग्रंथ, बांधून घेतला तर साधारण एक पौंड, म्हणजे एकाच्या पैशात चाळीस क्वार्टो" असं घातलं. क्वार्टोला एकदोन ठिकाणी चोपडी केलं, भ्रष्ट घेतला. संपादकांचा आत्ताच फोन आला, बाड का काढलं म्हणून. आणि अनुक्रमणिकेत ३५ नाटकं आणि पुस्तकात ३६ असं कसं लिहिलंत, मोजायला चुकलात का म्हणे. आता ट्रॉयलस अँड क्रेसिडा ऐनवेळी हक्काच्या भानगडीतून सुटून आत कसं शिरलं आणि यादी आधीच छापून झालेली, हे सगळं त्यांना फोनवर सांगत बसले.

वळचण
पानं की पृष्ठं, काय लिहिलंत शेवटी?

अनुस्वार
"नऊशेहून अधिक पृष्ठांचा". शपथ.

नवीन सदस्य
नमस्कार, वडिलांचा फोलिओ सापडत नाहीये, ते गेले मागच्या वर्षी, जुन्या कागदात फक्त पॅन कार्ड आहे. इथे कुणाला माहिती आहे का कुठे मिळेल?

शाईचा डाग
दादा, हा धागा वेगळा आहे, पण असू द्या. फंडाचं जुनं स्टेटमेंट कधी घरी आलं असेल तर त्यावर वरच्या बाजूला फोलिओ नंबर असतो. वडिलांच्या पत्राच्या जुडग्यात बघा, पाकिटंही टाकू नका.