अपघातानंतर वकिलाकडे लगेच जावे की उपचार संपेपर्यंत थांबावे?

कृष्णाकाठ (प्रश्न):
नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी कराडजवळ महामार्गाच्या सेवा रस्त्यावर माझ्या धाकट्या भावाच्या दुचाकीला टेम्पोने मागून धडक दिली. मांडीचे हाड मोडल्यामुळे आत रॉड घालावा लागला असून तो सहा महिने काम करू शकणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. त्याचे वय 32 आहे. त्याचे स्वतःचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे आणि महिन्याला साधारण वीस हजार रुपये सुटतात, मात्र त्याची कागदोपत्री नोंद फारशी नाही. गुन्हा नोंदवला गेला आहे. टेम्पोचा मालक साठ हजार रुपये द्यायला तयार आहे, परंतु त्याच्या बदल्यात ‘आमची काही तक्रार नाही’ असे स्टँपपेपरवर लिहून मागतो. वडिलांचे म्हणणे असे की आधी पाय बरा होऊ द्या, कोर्टकचेरीचे नंतर पाहू. त्यातच रुग्णालयाच्या आवारात एक गृहस्थ भेटले आणि मिळेल त्या रकमेच्या वीस टक्क्यांवर दावा लढवून देतो म्हणाले. आम्ही काय करावे?

जिल्हा न्यायालयातला एक वकील:
स्टँपपेपरवर सही करू नका. हाड नीट जुळते की नाही, पाय आखूड राहतो का आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागते का, यांतले काहीच आज ठरलेले नसताना नुकसानीचा आकडा कोणालाच सांगता येणार नाही.

मुदतीविषयी जुनी माणसे ‘दावा कधीही लावता येतो’ असे सांगतात, आणि 1994 च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकल्यानंतर बरीच वर्षे ते खरेही होते. मात्र मोटार वाहन कायद्यातील 2019 ची दुरुस्ती या बाबतीत 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली आणि कलम 166(3) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याचे बंधन पुन्हा आले. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झालेला आहे. परंतु अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी मुदत घालवावी, असा सल्ला मी माझ्या पक्षकाराला देणार नाही.

दावा अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार राहतो तेथे किंवा प्रतिवादी राहतो तेथे दाखल करता येतो, त्यामुळे टेम्पो परजिल्ह्यातला असला तरी तिकडे खेटे घालावे लागणार नाहीत. दाव्यात टेम्पोच्या विमा कंपनीलाही सामील करावे लागते, म्हणून अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का, हे आधी पाहा.

निवृत्त कारकून, सातारा:
मुदतीपेक्षा मला पुराव्याची काळजी अधिक वाटते. पेट्रोल पंपावरचे किंवा ढाब्यावरचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांतच पुसले जाऊन त्यावर नवे चढते, तेव्हा तपासी अंमलदाराला लेखी अर्ज देऊन ते ताब्यात घ्यायला सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

दुसरे म्हणजे रुग्णालयातला पहिला कागद वाचा. माझ्या मेहुण्याला ज्याने दवाखान्यात नेले त्याने घाईत ‘गाडीवरून पडला’ एवढेच सांगितले आणि तेच नोंदवले गेले. आम्ही तो कागद पाहिला तो थेट दीड वर्षाने, उलटतपासणीच्या वेळी, जेव्हा विमा कंपनीच्या वकिलाने दुसरे वाहन अपघातात होतेच कशावरून, असा प्रश्न केला. पहिल्या आठवड्यात कोणी जाणकाराने ते कागद चाळले असते, तर पोलीस जबाबात नेमका खुलासा करता आला असता.

मात्र थोडा उशीर झाला म्हणून सगळे बुडाले, असेही समजू नका. जखमीच्या उपचारांच्या धावपळीत फिर्याद उशिरा दिली गेली, एवढ्यावरून दाव्यावर संशय घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये म्हटलेले आहे.

हिशेबनीस:
उत्पन्नाची नोंद नाही, हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण सगळा हिशेब त्यावरच उभा राहतो. समजा, त्याच्या कामाच्या दृष्टीने 30 टक्के कायमचे अपंगत्व ठरले. वीस हजारांप्रमाणे वर्षाचे उत्पन्न 2,40,000, स्वयंरोजगारातल्या चाळिशीच्या आतील व्यक्तीसाठी भविष्यातील वाढीचे 40 टक्के धरून 3,36,000, त्याचे 30 टक्के 1,00,800 आणि या वयाचा गुणक 16, म्हणजे 16,12,800 रुपये. न्यायाधिकरणाने बाराच हजार उत्पन्न मान्य केले, तर हीच रक्कम 9,67,680 होते. उपचारांचा खर्च आणि वेदनांची भरपाई यांहून वेगळी. वेल्डिंग रॉड आणि पत्र्याची खरेदी बिले, ग्राहकांनी मोबाइलवरून पाठवलेले पैसे, बँकेचा उतारा, दुकानाचे वीजबिल हे सगळे आत्ताच एका फाइलमध्ये लावा, कारण दोन वर्षांनी ग्राहक साक्षीला येत नाहीत.

जिल्हा न्यायालयातला एक वकील:
टक्केवारीचे राहिले होते. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, आणि भेटलेले गृहस्थ वकील नसून दलाल असण्याचीच शक्यता अधिक. सनद असलेल्या वकिलाकडे जा आणि फी आधी लेखी ठरवून घ्या. खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असणाऱ्यांना मोफत वकील मिळू शकतो आणि आपल्या भावाचे उत्पन्न त्यात बसते.

आणि वडिलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. वकिलाला आज भेटायचे म्हणजे दावा आजच लावायचा, असे नव्हे. कागद आत्ता जमवावेत, अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र उपचार स्थिरावल्यावर घेऊन दाखल करावे.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. आज रुग्णालयातून कागद काढले. पहिल्या नोंदीत ‘टेम्पोची धडक’ असे आहे, पण टेम्पोचा क्रमांक एका आकड्याने चुकलेला आहे. सोमवारी वकिलांना भेटून, पुरवणी जबाब देण्यासाठी पोलीस ठाण्यात जाणार आहोत.