मदत हवी आहे : गुरुवारी क्लायंटसमोर ऑनलाइन प्रेझेंटेशन, काय दाखवू?

स्पिंडल_७७ :
नमस्कार मंडळी. गुरुवारी नवीन क्लायंटला ऑनलाइन प्रेझेंटेशन द्यायचंय. पीपीटी ३८ स्लाइडची झालीय, काय काढू सुचत नाही. भाऊ म्हणतो कंपनीचा इतिहास हवाच, वडिलांच्या पहिल्या लेथच्या फोटोसकट. मी म्हणतो थेट शॉपफ्लोअर दाखवू. झूम फ्रीवालं चालेल का? जरा पटकन सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

खमंग_भजी :
कसला धंदा? क्लायंट कुठला? वेळ किती दिलाय? समोर मालक बसणार की परचेसवाला? एवढं तरी लिहा, आम्ही काय कुंडली मांडायची?

स्पिंडल_७७ :
सीएनसी टर्न्ड पार्ट हो, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर कातलेले सुटे भाग. नावावरून कळेल असं वाटलं. क्लायंट जर्मनीचा, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवतात. वेळ अर्धा तास. शॉप पुण्यात भोसरीला.

बाराखडी :
फ्री झूम ४० मिनिटांत तुटतं. तुमचा अर्धा तास आहे, पण अशा मीटिंगा लांबतात. नेमका रेटचा विषय निघायचा नि पडदा पडायचा.

आरती_के :
मी सप्लायर क्वालिटीत आहे, म्हणजे अशा मीटिंगला पलीकडे बसते. इतिहास एका स्लाइडवर आटपा, भावाला माझं नाव सांगा हवं तर. आम्ही बघतो ते वेगळंच : मशिनं किती नि कुठल्या मेकची, किती व्यासाचा बार घेता, सीएमएम (मापं तपासायचं मशीन) स्वतःचं की बाहेरून तपासून आणता. त्यांच्या पार्टशी मिळताजुळता एखादा पार्ट घ्या आणि त्याच्या क्रिटिकल बोअरचा (सगळ्यात महत्त्वाच्या भोकाचा) सीपीके दाखवा, म्हणजे माप नगामागून नग मर्यादेत किती नीट राहतं त्याचा आकडा. १.३३च्या वर असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच. मटेरियलचं ३.१ सर्टिफिकेट (मटेरियल बनवणाऱ्याने दिलेला तपासणीचा दाखला) मिळेल का, हे विचारतीलच. "हो" पुरे नाही, एक नमुना उघडून ठेवा.

पूर्वाभिमुख :
पूर्वेकडे तोंड करून बसा. पाठीमागे खिडकी नको. अनुभव आहे.

घाटावरचा :
शॉपफ्लोअर लाइव्हच दाखवा! जर्मन माणसाला चालतं मशीन बघायला आवडतं. आम्ही मोबाइल घेऊन फिरलो, ऑर्डर आली.

चाकण_रिटर्न :
लाइव्ह अजिबात नको. पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय मशिनामागे पोचत नाही, कंप्रेसर सुरू झाला की तुमचा आवाज गुल, लेन्सवर कूलंटचा थर. आणि टेबलावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पार्ट नि ड्रॉइंग पडलेली असतात. एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, केलाय ना? नव्या क्लायंटला हेच दिसतं, की उद्या आपलंही ड्रॉइंग असंच चौथ्याला दिसणार. दोन मिनिटांचा व्हिडिओ आधीच काढून ठेवा.

घाटावरचा :
रेकॉर्डेड काय, कुणाच्याही शॉपचं लावता येतं. टेबल आवरायला किती वेळ लागतो? एसीत बसून सल्ले देणं सोपं असतं.

चाकण_रिटर्न :
एसी नाही, तेरा वर्षं शिफ्ट इंजिनिअर होतो. असो.

खमंग_भजी :
भांडा नंतर. भोसरी आणि गुरुवार? अहो, गुरुवारी तुमच्याकडे वीज बंद! लाइव्ह दाखवाल तरी काय, उभी मशिनं?

स्पिंडल_७७ :
जनरेटर आहे हो.

खमंग_भजी :
जनरेटर तुमचा. नेटवाल्याचा डबा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या इमारतीत असतो, त्याला कोण करंट देणार? मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि बुधवारी एकदा त्याच्यावरून चालवून बघा.

आरती_के :
वेळ नीट बघितलीत ना? सध्या जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे आहे. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला की साडेचार.

डांकेशोन :
खरं सांगू? जर्मन शिका. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात वर्ग असतात. नमस्कार त्यांच्या भाषेत केला की समोरचा खुलतो.

बाराखडी :
गुरुवारपर्यंत?

डांकेशोन :
पुढच्या क्लायंटसाठी म्हणतोय. सगळं आजच्यापुरतंच बघायचं का?

वांगंभात :
ए१ची, म्हणजे पहिल्या पातळीची, फी किती हो? मुलीला घालायचंय.

स्पिंडल_७७ :
आत्ता मेल बघितली, लिंक टीम्सची आहे. झूमचा विषय संपला.

चाकण_रिटर्न :
मग आजच उत्तर पाठवून सांगा की तुम्हाला प्रेझेंटर करा. काही कंपन्यांत बाहेरच्या माणसाला स्क्रीन शेअर करता येत नाही, आणि हे मीटिंग सुरू झाल्यावर कळतं. व्हिडिओ लावताना आवाज शेअर करायचं बटण वेगळं असतं, तेही शोधून ठेवा.

स्पिंडल_७७ :
पाठवतो. ३८च्या ११ केल्या, भाऊ फुगलाय. शेवटचं एक : तिथेच रेट विचारला तर सांगायचा का?

आरती_के :
ड्रॉइंग हातात आल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नका. उलट तुम्हीच विचारा : वर्षाला नग किती, एका लॉटला किती, आणि भाव एक्सवर्क्स (माल तुमच्या दारातून त्यांनी उचलायचा) हवा की न्हावा शेवा एफओबी (बंदरात जहाजावर तुम्ही चढवून द्यायचा). मग कोटेशन कुठल्या वारी देणार ते सांगा, आणि त्या वारी द्या.